दुसऱ्या पाळीचं मोजमाप

४ जानेवारी

तीर्थरूप आत्या,

नमस्कार खरं तर वाकूनच करायला हवा, पण आमच्या खोलीत दोन खाटांमध्ये वाकायला जागा नाही. उभ्याउभ्याच गोड मानून घे.

पत्र लिहिण्याला इलाज नाही. डोंगराच्या या बाजूला मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. फोन एकच, तो मुख्य साहेबांच्या केबिनमध्ये. त्यावर मी बाबांशी बोलले की संध्याकाळपर्यंत भांडी घासणाऱ्यालासुद्धा बाबांचा रक्तदाब ठाऊक असतो. गुरुवारी सामानाची गाडी येते, तिचा ड्रायव्हर पत्रं नेतो.

बोगदा अडीच किलोमीटर आत गेलाय. पलीकडच्या नदीचं पाणी यातून शहराला जायचं. माझं काम एका ओळीत सांगायचं तर डोंगर आपल्याला चिमटीत धरतोय का, ते बघणं. दोन्ही भिंतींत समोरासमोर खिळे ठोकलेत, अकरा जोड्या. त्यांच्यातलं अंतर मोजायचं. कमी झालं तर भिंती जवळ येतायत. आतल्या टोकाशी खडक भुसभुशीत आहे, म्हणून दर पाळीत एकदा मोजायचा नियम. सकाळच्या पाळीत एक फेरी, दुपारच्या पाळीत एक. एका फेरीला तीन तास.

साइटवर एकशे चाळीस माणसं, त्यांत आम्ही अकरा बायका. माझ्या खोलीत लोडर चालवणारी आहे, सहा फूट उंच, सगळे तिला लंबूताई म्हणतात. खात्यानेच तिला प्रशिक्षण दिलंय. दगडाचा ढीग ती असा उचलते की बघत राहावं. फोरमनकाका मात्र जुन्या वळणाचे. बाई बोगद्यात आली की डोंगर रुसतो, असं त्यांच्या गुरूने सांगितलंय म्हणे. पहिल्या दिवशी मला बघून त्यांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं, परत घातलं. 

आता तुझ्या खात्यातली गोष्ट, म्हणजे तू बायकांच्या समावेशन कक्षाची प्रमुख म्हणून सांगते. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे. बोगद्याच्या तोंडाशी, पाटी लावलेलं, कुलूप घातलेलं. आत सिमेंटची पोती. आत बोगद्यात तर काहीच नाही. पुरुष अंधारात आडोसा बघतात. आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही. लंबूताई म्हणते, ‘उंट व्हायला शिक, पोरी.’ तू वरून एक शब्द टाकलास तर पोती हलतील.

तुझी,
ठमी

१५ जानेवारी

चिरंजीव ठमाबाईस आशीर्वाद.

पाणी पीत जा. हे पहिलं. बाकीचं नंतर.

तुझ्या बाबांना वाटतं मी तुला या नोकरीच्या फुफाट्यात ढकललं. ढकललंच. तुझ्या वयाची असताना मी बोगद्यावर सहा महिने काढले, खात्यातली पहिली बाई. तेव्हा कसला कक्ष आणि कसलं काय! मला कधी काही अडचण आली नाही, कारण मी अडचण आहे असं कुणाला म्हटलंच नाही. रडणाऱ्याच्या डोळ्याला पदर सगळे लावतात गं, पण हातात काम कोणी देत नाही. हे लक्षात ठेव.

स्वच्छतागृहाचं म्हणशील तर ते माझ्या तपासणी अहवालात आहे. ऑक्टोबरमध्ये मी स्वतः तिथे येऊन गेले. फोटो आहेत. आतमध्ये, दोन किलोमीटरवर, एक फिरतं बसवल्याचाही फोटो आहे. कुठे हलवलं असेल. विचारते. तू लेखी काही देऊ नकोस. स्टोअरकीपरशी गोड बोल, किल्ली मिळेल.

मार्चमध्ये वरची पाहणी आहे. या प्रकल्पात तीस टक्के स्त्रिया दाखवायच्या आहेत. अकरांचे तीस टक्के कसे होतात असं विचारशील, तर शहरातल्या ऑफिसातल्या मुली आणि झाडलोट करणाऱ्या बायका धरून होतात. यादीत तुझं नाव मी सगळ्यात वर टाकलंय. मान खाली घालून काम कर आणि मान वर करून फोटो काढून घे.

तुझी,
आत्या

२९ जानेवारी

आत्या,

तुझा शब्द पोचला. पोती हलली, कुलूप निघालं, फिनेलचा वास सुटला. आम्ही सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि चौथ्या दिवशी सूचना फलकावर कागद लागला. जशाचा तसा उतरवते:

‘बोगद्याच्या अंतर्भागात सोयी नसल्याने, स्त्री कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा व सुरक्षिततेचा विचार करून, त्यांनी दिवसातून एकदाच व केवळ पहिल्या पाळीत आत जावे.’

सोयी नाहीत तर सोयी करा, हे नाही. आम्हालाच बाहेर काढा! ‘पहिल्या पाळीत’ हे वाचून दाखवताना मुख्य साहेब ‘पाळी’ या शब्दाशी असे अडखळले की लंबूताईला हसू आवरेना. नंतर मात्र तिचं हसू गेलं. लोडर दुसऱ्या पाळीत चालतो. आता तिला स्टोअरमध्ये हातमोज्यांच्या जोड्या लावायला बसवलंय.

आणि दुसऱ्या पाळीचं मोजमाप? ते हजेरीच्या कारकुनाकडे दिलंय. तो आत जातच नाही, आत्या. मी सकाळी जे आकडे लिहिते तेच तो दुपारी खाली उतरवतो. नवव्या जोडीचं अंतर रोज थोडं कमी होतंय. माझ्या सकाळच्या नोंदीत दोन मिलिमीटर, मग तीन. त्याच्या नोंदीत दुपारभर डोंगर गाढ झोपलेला असतो. मी साहेबांना सांगितलं. म्हणाले, ‘पोरी, डोंगराला घाई नसते. तुला आहे.’

कागदाखाली तुझ्या कक्षाचा हवाला आहे. सही गिचमिड आहे, वाचता येत नाही. तुझ्या कक्षातल्या कोणीतरी तुझ्या नकळत हे उद्योग केलेत. त्याचा कान धर.

ठमी

८ फेब्रुवारी

ठमे,

परिपत्रकं रोज दहा निघतात. कुठलं कुणी काढलं हे शोधत बसले तर मला दुसरं काम नको.

मी तुझ्या भल्याचं सांगते. या कक्षाला टाळं लावायला इथे तिघे जण किल्ली घेऊन उभे आहेत. बायकांना साइटवर पाठवलं की तक्रारी येतात, त्यापेक्षा पाठवूच नका, हे त्यांचं म्हणणं. तुझी तक्रार वर आली की ते म्हणणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो? मग तुझी लंबूताई हातमोजे लावायलासुद्धा उरणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मार्चची पाहणी होऊ दे. नंतर मी स्वतः सगळं निस्तरते.

मिलिमीटरचं मला कळत नाही असं नाही. पण साहेबांनी तीस वर्षं बोगदे खणलेत. काहीतरी विचार करूनच बोलत असतील.

बाबांना यातलं काही कळवू नकोस.

आत्या

१३ फेब्रुवारी

आत्या,

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, थोडक्यात लिहिते.

चार दिवसांत नववी जोडी सात मिलिमीटर जवळ आलीय. पाहणी मार्चमध्ये आहे हे डोंगराला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

परवापासून मी दुसऱ्या पाळीत आत जातेय. लंबूताई टेपचं दुसरं टोक धरते. नियम मोडतेय, माहीत आहे. काल फोरमनकाकांनी आम्हाला ट्रॉलीतून उतरताना पकडलं. मला वाटलं, आता थेट केबिन. ते बराच वेळ नवव्या खिळ्याकडे बघत राहिले, मग लंबूताईला म्हणाले, ‘टेप ढिली आहे. ताणून धर.’ एवढंच.

तू माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाहीस. सही कोणाची?

तू ये. फोटो नकोत. स्वतः येऊन बघ.

ठमी

१८ फेब्रुवारी

ठमे, बाळा,

सकाळी ऑफिसात आले तर सगळे उभे होते. बोगद्याचं छत बसलं, एवढंच कळलंय. किती माणसं, कोण, काही नाही. केबिनचा फोन सारखा गुंतलेला. तुझे बाबा माझ्या घरी येऊन बसलेत. माझ्याशी बोलत नाहीत, नुसते पंख्याकडे बघतात.

हे पत्र खात्याच्या गाडीबरोबर पाठवतेय. ज्याच्या हातात पडेल त्याने पाकिटाच्या पाठीमागे एक ओळ लिहून पाठवावी, मुलगी आहे का.

तू विचारलं होतंस. सही माझी आहे. आता सांगून काय उपयोग, पण तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते. सही माझीच आहे.

आत्या

२१ फेब्रुवारी

आत्या,

मी आहे. खात्याच्या गाडीतल्या माणसाने तुझं पत्र दिलं आणि पाठीमागची ओळ लिहायला त्याचंच पेन दिलं. ती ओळ एव्हाना बाबांना मिळाली असेल.

झालं ते सांगते. सतरा तारखेला दुपारी चारला आम्ही नववी जोडी मोजली. सकाळपासून चौदा मिलिमीटर. मी परत मोजली. लंबूताईने माझ्या हातून टेप घेऊन तिसऱ्यांदा मोजली. छतातून वाळू गळत होती, साखर सांडावी तशी. आम्ही फोरमनकाकांकडे धावलो. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘साहेबांना विचारायला कोणाला पाठवू?’ आणि स्वतःच म्हणाले, ‘कोणालाच नको.’ शिट्टी वाजवली. आत एकोणीस माणसं होती, ती हत्यारं टाकून निघाली. लंबूताई ट्रॉलीच्या दोन फेऱ्या करून त्यांना तोंडाशी सोडून आली.

मोजले तर अठरा. पंपवाला पंपाच्या आवाजात होता, त्याला शिट्टी ऐकूच गेली नव्हती. फोरमनकाका परत आत गेले. मी जात होते, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं, लहान मुलीला बसवावं तसं. दहा मिनिटांनी पंपवाला पळत आला. त्याच्या मागे तो आवाज. आवाज म्हणजे काय सांगू, कानांना नाही, दातांना कळला.

काका सापडले ते ढिगाऱ्याच्या अलीकडे. डावा पाय दगडाखाली. लंबूताईने लोडर आणून दगड उचलला. पाय गुडघ्याखाली गेला, आत्या. ते इस्पितळात आहेत. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आता पुढचं ऐक. काल मला नोटीस आली. मनाई असलेल्या पाळीत अनधिकृत प्रवेश, तोही सात दिवस. कारकुनाच्या वहीत सतरा तारखेपर्यंत सगळं ठाकठीक आहे, त्यामुळे माझे दुपारचे आकडे कुठेच नाहीत. ते माझ्या खासगी वहीत आहेत, आणि ती वही म्हणे पुरावा नव्हे. जेवणाच्या रांगेत कुणीतरी मागून म्हणालं, सात दिवस बायका दुपारी आत गेल्या आणि डोंगर बसला, अजून काय हवं? ज्यांना आम्ही बाहेर काढलं त्यांच्यातलाच एक होता.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग घडी घातली आणि जेवायला गेले.  कोणीतरी तुझ्या नावाचा गैरवापर करतंय म्हणून मी महिनाभर त्या ‘कोणीतरी’वर चिडत होते.

१२ मार्चला चौकशी समिती येतेय. मला बोगद्यात जायला बंदी आहे.

ठमी

३ मार्च

ठमे,

माफी मागायला लिहीत नाही. आधी सांगते, मग तुला काय करायचं ते कर.

मी बोगद्यावर सहा महिने नव्हते. सहा आठवडे होते. तुझ्यासारखीच पाणी पीत नव्हते. सहाव्या आठवड्यात ताप भरला, कंबरेत अशी कळ आली की मी ट्रॉलीच्या रुळांवर बसले आणि मला उचलून बाहेर आणावं लागलं. मूत्रपिंडाला सूज होती. इस्पितळातून आले तोवर माझी बदली नकाशांच्या विभागात झाली होती. घरी मी सांगितलं, बढती मिळाली. तुझ्या बाबांनी सगळ्यांना आनंदाने कळवलं. मग ते खोटं मागे घेण्याची वेळच आली नाही. ‘मला कधी अडचण आली नाही’ या एका वाक्यावर मी तीस वर्षं भाषणं केली. मुली वहीत लिहून घ्यायच्या.

ऑक्टोबरमध्ये मी तिथे आले आणि केबिनमध्येच बसले. गुडघे दुखत होते हे खरं, पण तेवढंच खरं नाही. बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिले तेव्हा तो ओल्या दगडाचा वास आला आणि पाय उचलेना. साहेबांनी फोटो पुढे केले. मी सही केली.

आणि जानेवारीत तुझं पत्र आल्यावर मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘आत फिरतं बसवायचं तर दोन दिवस काम थांबेल. त्यापेक्षा मुलींना दुपारी आत पाठवतच नाही. तुमची भाची सुरक्षित राहील, मॅडम.’ मी हो म्हटलं. तुला रुळांवर बसलेली बघायचं नव्हतं मला. दुपारी मोजणार कोण, हा प्रश्न मला सुचलाच नाही. अभियंता आहे मी, ठमे. मला सुचलाच नाही.

समितीपुढे मी येतेय. साहेब म्हणाले, तब्येतीचं कारण देऊन लेखी पाठवा, निवृत्तीला तीन महिने राहिलेत, कशाला? मी म्हटलं, बघते.

आत्या

१४ मार्च

ठमे,

परवा तू बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडखाली बसली होतीस. मी जवळून गेले, तू मान वळवलीस. वळवायलाच हवी होती. पण आत काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं, साइटवर त्याचं तिखटमीठ होईल म्हणून.

समितीत चौघे. अध्यक्ष सत्तरीचे निवृत्त अभियंते, दोघे अधिकारी, आणि भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई. साहेबांनी केबिनमध्ये नकाशे मांडून ठेवले होते. मी म्हटलं, ‘नोंदी का चुकल्या हे समजायचं असेल तर एक फेरी आत उभं राहून बघू या. जिथवर आधार पक्के आहेत तिथवरच जाऊ.’ बाई लगेच उठल्या. मग बाकीच्यांना उठावंच लागलं.

तोंडाशी तोच वास आला. पाय अडले. तुझी लंबूताई ट्रॉलीवर होती, तिने नुसता हात पुढे केला.

आत गेल्यावर मी लंबूताईला ठेवून घेतलं, ट्रॉली दुसऱ्या माणसाबरोबर परत पाठवली आणि त्याला सांगितलं, तीन तासांनी आण. लंबूताईने आणि मी एकेक जोडी मोजायला घेतली. सकाळी केबिनमध्ये सगळ्यांनी दोन-दोन कप चहा घेतलेला. दीड तास गेला. अध्यक्षांनी पाय बदलला. दोन तास झाले, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘ट्रॉली जरा लवकर बोलावता येईल का?’ मी म्हटलं, ‘काही अडचण?’ म्हणाले, ‘नाही, सहज.’ ठमे, एरवी पुरुष आडोसा बघतात. पण तिथे मी उभी, लंबूताई उभी, त्या बाई उभ्या. अडीच तासांनी एक अधिकारी भिंतीला टेकून डोळे मिटून होता. साहेब घामाघूम.

तेव्हा मी बोलले. म्हटलं, ‘दोन किलोमीटरवर स्वच्छतागृह आहे असा अहवाल आहे. आपण बरोबर तिथेच उभे आहोत. तो अहवाल मी लिहिला, केबिनमध्ये बसून. ते नाही म्हणून मुलींना दुपारी आत यायला बंदी केली, तीही माझ्या सहीने. बंदी केली म्हणून दुपारी कोणी मोजलं नाही. जिने चोरून मोजलं तिच्यामुळे एकोणीस माणसं घरी गेली, आणि नोटीस तिला आहे. ती मला द्या.’

 मग अध्यक्ष हळूच म्हणाले, ‘बाई, हे सगळं लिहून घेतो. पण आधी ट्रॉली.’

लंबूताई हसली नाही. मला तिचं कौतुक वाटलं. मला मात्र हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि दोन्ही त्या अंधारात खपून गेलं.

कक्षाचं पद मी सोडलंय. माझी चौकशी होईल, ती रास्तच आहे. तुझे बाबा आता बोलतात. सहा आठवड्यांचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मला माहीत होतं. तुला इस्पितळातून मीच तर आणलं होतं. तू बढती म्हणालीस, मी बढती म्हटलं.’ तीस वर्षं!

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आत्या

६ एप्रिल

आत्या,

उत्तर द्यायला वेळ लागला. तीन पत्रं लिहून फाडली.

माझी नोटीस ‘विचाराधीन’ आहे. म्हणजे मागे घेतली असं कोणी म्हणणार नाही आणि पुढेही नेणार नाही, असं लंबूताई म्हणते. साहेबांची बदली झाली. बढतीवर की शिक्षा म्हणून, कोणालाच सांगता येत नाही. माझी वही समितीने मागून नेली आणि पावती दिली. नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी आत दोन फिरती स्वच्छतागृहं बसवली, आणि काम किती थांबलं म्हणशील? साडेचार तास. पुरुषही तीच वापरतात. आता रांगेत कोण आधी यावरून भांडणं होतात, आणि ती भांडणं मला चक्क आवडतात.

रांगेत मागून बोलणारा तो अजूनही मला बघून रस्ता बदलतो. त्याचं मन काही बदललेलं नाही. लोडरवर मात्र लंबूताई आहे आणि तिच्या हाताखाली दोन नव्या मुली शिकतायत.

रविवारी फोरमनकाकांना भेटून आले. कृत्रिम पाय लावून दोन खाटांमध्ये चालायचा सराव करतायत. मी रडायला लागले तर म्हणाले, ‘गुरू म्हणायचा, बाई आली की डोंगर रुसतो. डोंगर कशाने रुसतो ते आता मला माहीत आहे. तू मोजत जा.’ मग नर्सला हाक मारून म्हणाले, ‘हिच्यासाठी पाणी आणा.’

आत्या, मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. सहीबद्दल तर आहेच. पण जास्त राग त्या सहा महिन्यांचा आहे. पहिल्याच पत्रात तू सहा आठवडे म्हणाली असतीस, तर मी पहिल्याच दिवशी फलकासमोर उभी राहून भांडले असते. मला वाटत होतं, तुला जमलं ते मला जमत नाही. काकांच्या पायाकडे बघते तेव्हा हे आठवतं, आणि तुला ते माहीत असावं.

पुढच्या आठवड्यात नव्या मुली मोजमाप शिकायला येतायत, सहा जणी. मी त्यांना टेप आणि आकडे शिकवेन. त्या सहा आठवड्यांचं मात्र तू सांगायचंस, भाषण न करता, त्यांच्या खाटेवर बसून. नव्या साहेबांना विचारलंय, ते हो म्हणाले.

गुरुवारी गाडी निघते तिथून. ड्रायव्हरला तुझं नाव सांगून ठेवलंय. मी कदाचित फार बोलणार नाही. तरी ये.

तुझी,
ठमी